बॅले मंडळीची हिरवी झारी

मित्रांनो, मी एक म्हातारी झारी आहे. पण माझ्या पाण्यावर आजवर एकही रोप वाढलेले नाही. बाग मी पाहिली ती खिडकीतून. माझे सारे पाणी लाकडी फळ्यांवर पडले आणि त्या फळ्यांवर मुली नाचल्या.

माझा जन्म पीटर्सबर्गचा. पत्र्याच्या वस्तू करणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात, बादल्या आणि कंदिलांच्या गर्दीत मी तयार झाले. त्याने माझ्या तोंडाला बारीक भोकांची चाळण बसवली, अंगाला हिरवा रंग दिला आणि मला वाळायला ठेवले. त्याची बायको कमरेवर हात ठेवून बघत होती.

"कुणाच्या बागेत जायची ही?"

"बागेत नाही. नाचशाळेत."

"नाचशाळेत झारी? तिथं काय मुली पेरतात?"

"पेरत असतील," तो म्हणाला. "मला सांगितलं, मी केली."

नाचशाळेत गेल्यावर मला माझे काम कळले. आमच्याकडे बॅलेच्या वर्गातली जमीन कोऱ्या फळ्यांची असते. तिला रंग नाही, मेण नाही. वर्ग सुरू होण्याआधी त्या फळ्यांवर झारीने सडा घालायचा. सड्याने धूळ बसते, लाकूड किंचित फुगते आणि बुटांचा तळवा जमिनीला धरून राहतो. पाणी कमी पडले तर पाय सटकतो, जास्त झाले तर बूट भिजून लिबलिबीत होतात. म्हणून हे काम वाटते तितके सोपे नव्हते. मुली आळीपाळीने मला उचलायच्या आणि फळ्यांवर वेटोळी काढत मागे मागे सरकायच्या. जिची पाळी असेल ती त्या दिवशी जरा ताठ मानेने वावरायची.

त्या शाळेत ग्लाफिरा मार्कोव्ना नावाच्या बाई शिकवायच्या. तरुणपणी त्या थिएटरात दुसऱ्या ओळीत नाचल्या होत्या, पहिल्या ओळीत कधीच आल्या नाहीत. पण शिकवताना त्या राणीसारख्या दिसत. हातात काठी, खांद्यावर करडी शाल, पाठ भिंतीसारखी सरळ. मुली थकून भिंतीला बसवलेल्या दांड्यावर रेलल्या की त्या म्हणत, "दांडा धरायला आहे, रडायला नाही." मी कोपऱ्यात उभी राहून सगळे बघायची. सकाळी जांभया देत आलेल्या त्याच मुली संध्याकाळी रंगमंचावर पायांच्या बोटांच्या टोकांवर उभ्या राहत, तेव्हा त्यांना वजन असते यावर कुणाचा विश्वास बसला नसता. मी त्यांच्या पायांखालचे पाणी होते, तरी मलाही बसायचा नाही.

मग देशात उलथापालथ झाली. थिएटरात कोळसा मिळेना. मुली लोकरी कोट घालून दांड्याशी उभ्या राहू लागल्या, आणि मी सडा घातला की फळ्यांवर त्याचा बर्फ होऊ लागला. एकेक जण देश सोडून जाऊ लागला. बॅलेच्या मोठमोठ्या मंडळ्या पश्चिमेला गेल्या होत्या, पॅरिसला आणि त्याच्याही पुढे. त्यांचे खेळ पाहून तिकडचे चित्रकार पडदे रंगवायला धावले, शिंपी भडक रंगांचे कपडे शिवू लागले आणि ज्यांच्या गावात कधी कुणी नाचले नव्हते अशा लोकांनी आपल्या मुलींना नाच शिकायला घातले, असे आम्ही ऐकत होतो. आमची मंडळी मात्र छोटी होती. तिचे मालक प्लातोन बुर्स्की. एकेकाळचे देखणे नर्तक, आता पोट सुटलेले. ते म्हणाले, "पश्चिमेला गर्दी झाली. आपण पूर्वेला जाऊ." आणि आमचे बिऱ्हाड आगगाडीत चढले.

मला ग्लाफिरा बाईंनी स्वतःच्या हाताने बांधले. माझ्या पोटात मुलींचे लांब मोजे कोंबले आणि चाळणीभोवती रुमाल गुंडाळला. बुर्स्की हसले.

"अहो, कपड्यांची पेटी मागं ठेवावी लागली आणि तुम्ही झारी घेताय? पाणी शिंपायला भांडं काय परमुलखात मिळत नाही?"

"भांडं मिळेल. अशी बारीक धार मिळायची नाही," बाई म्हणाल्या.

सैबेरियातून आम्ही हार्बिनला आलो, तिथून शांघायला. मुक्काम पडला की पहिले काम वर्ग. कधी गोदामात, कधी बंद पडलेल्या हॉटेलात, एकदा तर शाळेच्या व्हरांड्यात. घट्ट विजारी घातलेले पुरुष बघून लोक आधी तोंडावर हात धरून हसत. मग पहिल्या उडीला हसू थांबे. माणूस वर गेला आणि क्षणभर खाली आलाच नाही, असे काहीतरी त्यांना दिसे. खेळ संपल्यावर दाराशी आया आपल्या पोरींना घेऊन उभ्या असत. आमच्यापैकी कुणी ना कुणी प्रत्येक गावात मागे राहायचे. एकीने हार्बिनला औषधवाल्याशी लग्न केले आणि त्याच्या दुकानामागे वर्ग काढला. दोघींनी शांघायला बेकरीच्या माडीवर मुलींना शिकवायला सुरुवात केली. मंडळी दर मुक्कामाला थोडी लहान व्हायची. पण मागच्या गावी दांड्याला धरून उभी असलेली पोरांची रांग राहायची. याचे मला फार कौतुक वाटे.

पुढे आम्ही जपानला आलो आणि एका शरद ऋतूत उत्तरेकडच्या हाकोदाते बंदरात उतरलो. तिथून टोकियोला जायचे होते. टोकियोच्या मोठ्या थिएटरात ताया पहिल्यांदा प्रमुख नाच करणार होती. ताया ही ग्लाफिरा बाईंची सगळ्यांत लाडकी शिष्या. आगगाडीत, बोटीत, धर्मशाळेत, जिथे भिंत मिळेल तिथे ती पाय ताणत बसलेली असे. "एकदा तरी मधोमध उभी राहीन," ती म्हणायची. "दिवा फक्त माझ्यावर असेल. मग मेले तरी चालेल."

"मेलीस तर दुसऱ्या दिवशीचा खेळ कोण करेल?" ग्लाफिरा बाई म्हणत. "मूर्ख पोर."

हाकोदातेत आम्ही शिगे नावाच्या बाईच्या खानावळीत उतरलो. ही शिगे म्हणजे बंदरावरचे एक प्रकरण होते. तिच्याकडे वर्षानुवर्षे रशियन खलाशी जेवायला यायचे, म्हणून तिला आमची भाषा येत होती; पण खलाशांकडून शिकल्यामुळे तिच्या तोंडी दर चार शब्दांमागे एक शिवी असायची. ग्लाफिरा बाई पहिल्या दिवशी कानांवर हात ठेवून बसल्या. दोघींचे वय सारखेच असेल, पण शिगे त्यांना पहिल्या तासापासून "ए रशियन म्हातारे" म्हणू लागली.

खानावळीच्या मागे एक लांबरुंद दिवाणखाना होता. कोळ्यांच्या बैठका आणि लग्नाच्या पंगती तिथे होत. बुर्स्कींनी तो सरावासाठी मागून घेतला. सकाळी ग्लाफिरा बाई मला भरून आत गेल्या आणि नेहमीप्रमाणे वेटोळी काढत त्यांनी सडा घातला.

मित्रांनो, मला पाणी टाकतानाच काहीतरी वेगळे वाटले. पाणी फळीत जाईना. अळवाच्या पानावर राहते तसे ते थेंबाथेंबांनी वर उभे राहिले. बाई थोडा वेळ बघत थांबल्या आणि म्हणाल्या, "लाकूड जुनं आहे, हळू पितंय." त्यांनी आयुष्यात कोऱ्या फळ्याच पाहिल्या होत्या. शिगेच्या घरात मात्र तांदळाचा कोंडा फडक्यात बांधून रोज सकाळी जमीन घासत. तिच्या सासूने घासली, सासूच्या सासूने घासली. कोंड्यातले तेल पिऊन पिऊन ती जमीन आरशासारखी झाली होती. अशा जमिनीवर पाणी म्हणजे साबण.

तायाने पहिली उडी घेतली. वर ती नेहमीसारखी सुंदर गेली. खाली आली तेव्हा पाय पुढे निसटला आणि गुडघा आत वळला. आवाज फार मोठा नव्हता. पण वाजवायच्या पेटीशी बसलेल्या आमच्या वादकाचे हात तिथेच थांबले.

शिगे धावत आली. आधी तिने जमीन पाहिली, मग मला.

"माझ्या जमिनीवर पाणी? मासळीच्या टोपलीवर मारतात तसं?" ती ओरडली, आणि मग तायाकडे लक्ष जाताच एकदम खाली बसली. "हलू नकोस पोरी. अजिबात हलू नकोस. अरे मुडद्यांनो, बघताय काय, हाडवैद्याला बोलवा!"

हाडवैद्य आला. त्याने गुडघा दाबून पाहिला आणि शिगेला काहीतरी सांगितले. शिगे प्रथमच शिवी न देता बोलली. "चालेल म्हणतो. काठी धरून चालेल. उडी नाही."

मंडळी थांबू शकत नव्हती. टोकियोला खेळ ठरलेला होता. बोट सुटायच्या दिवशी ग्लाफिरा बाईंची बोचकी धक्क्यावर आली नाहीत. बुर्स्की न्यायला आले तेव्हा त्या तायाच्या अंथरुणाशी बसून सूप ढवळत होत्या. "तुम्ही जा," एवढेच त्या म्हणाल्या. मला त्यांनी खाली दिवाणखान्यातल्या अंथरुणांच्या कपाटात सगळ्यांत मागे ढकलले आणि दार लावून घेतले. त्यानंतर कित्येक दिवस मी अंधारात होते. कपाटाच्या फटीतून दिसेल तेवढेच मला दिसायचे आणि ऐकू येईल तेवढेच कळायचे.

कळायचे ते हे, की ताया वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. जेवायची, औषध घ्यायची, पण ग्लाफिरा बाईंशी बोलायची नाही. एकदाच बोलली. "मला घरी घेऊन जाऊ नका. घर नाहीच. पण नाचाच्या खोलीतही नेऊ नका. ते आता माझं नाही." तायाचा नाच गेला, आणि तो पुन्हा कुठल्याही वाटेने परत येणार नाही, अशी त्या घरात सगळ्यांची खात्री झाली होती. माझीही.

बर्फ पडू लागला. बंदरावर वाळत घातलेल्या माकूळ माशांच्या रांगा आत नेल्या गेल्या. आणि तरीही ग्लाफिरा बाई रोज सकाळी त्या दिवाणखान्यात जायच्या. पायांत जाड मोजे, हात खिडकीच्या लाकडावर. गुडघे वाकव, सरळ कर. पाय पुढे, बाजूला, मागे. स्वतःलाच मोठ्याने हुकूम सोडायच्या. लहानपणापासून सकाळी वर्ग झाल्याशिवाय त्यांनी चहा घेतला नव्हता. आता वर्गात दुसरे कुणी नाही, एवढ्यावरून सोडायचा कसा?

दारातून मुली डोकावू लागल्या. शिगेची नात सुमा, आणि तिच्याबरोबर समुद्रातले शेवाळ वाळवणाऱ्या घरच्या तिच्या मैत्रिणी. आधी खिदळल्या. मग मागे उभ्या राहून नक्कल करू लागल्या. बाईंनी मान न वळवता काठी उचलली आणि एकीचे कोपर वर केले, दुसरीची हनुवटी. नक्कल थांबली आणि वर्ग सुरू झाला.

शिगेने हे पाहिले आणि ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"ए रशियन म्हातारे! मुलीच्या जातीनं पाय असे बाहेर फाकवायचे? आमच्याकडं पावलं आत वळवून चालतात. उद्या हिला बदक म्हणतील!"

"तिच्या मानेकडं बघतील," बाई म्हणाल्या. "पायांकडं बघायचं कुणाला सुचणार नाही."

"आणि हे सारखं उडणं कशाला? आमच्या नाचात बाई जमीन सोडत नाही. मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारख्या तुम्ही उडता."

"आजी, मला आवडतं," सुमा म्हणाली.

"तुला माकुळही कच्चं आवडतं. तुझं काय सांगतेस!" शिगे म्हणाली. पण नातीला तिने ओढून नेले नाही. दारात बसून राहिली, सुक्या शेंगा सोलत.

मग एका सकाळी बाईंनी मुलींना उड्या सुरू केल्या. छोट्याच, जागच्या जागी. सुमा मात्र जोरात उसळली आणि सरळ पायांनी खाली आली. धप्! पुन्हा उसळली. धप्! बाई दुसऱ्या मुलीजवळ होत्या.

वरून आरोळी आली. "गुडघा!"

सगळे थांबले.

"गुडघा वाकव! आधी टाच नको, आधी बोटं, मग गुडघा! कोण आहे ती? थांबवा तिला!"

जिन्यावर घसटल्याचा आवाज आला. ताया बसूनबसून, एकेक पायरी उतरत होती. दुखरा पाय पुढे धरलेला, केस विस्कटलेले. ग्लाफिरा बाई धावल्या तर तिने हाताने त्यांना बाजूला केले. ती थेट सुमापाशी आली, जमिनीवरच बसली आणि त्या मुलीचा गुडघा तिने दोन्ही हातांत धरला.

"वर कुणीही जातं," ती म्हणाली. "खाली कसं यायचं ते शिक. नाहीतर हे बघ." आणि तिने आपला सुजलेला गुडघा उघडा करून दाखवला.

सुमाला रशियन येत नव्हते. शिगेने शेंगा बाजूला ठेवून भाषांतर केले. ते बरेच लांबले. मुली डोळे मोठे करून ऐकत राहिल्या. तायाला जपानी फारसे येत नसले तरी बंदरात राहून होडीसाठीचा शब्द तिला ओळखू येत होता.

"मी होडीचं काही बोलले नाही," ती म्हणाली.

"मी घातलं," शिगे म्हणाली. "बापाच्या होडीची डोलकाठी मोडते तसा पाय मोडेल, असं सांगितलं. तुझं बोलणं फार अळणी आहे."

आणि ताया हसली. कपाटाच्या फटीतून मी ते पाहिले. पडल्यापासून पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवसापासून ती खुर्चीत बसून शिकवू लागली. तिला उठून दाखवता येत नसे, म्हणून ती हातांनी दाखवायची. तिचे दोन हात म्हणजे दोन पाय. ते हात टेबलावर नाचायचे, उडी घ्यायचे, अलगद उतरायचे. मुली त्या हातांकडे बघून शिकल्या. अशी शिकवण मी पीटर्सबर्गलाही पाहिली नव्हती.

पण जमीन तीच होती, गुळगुळीत. मुली पायमोज्यांवर सारख्या घसरायच्या आणि ताया दचकायची. शिगे एक दिवस हे बघत बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे मला खरखर ऐकू आली. शिगे बाह्या वर बांधून, गुडघ्यांवर बसून, राखेचे कढत पाणी आणि काथ्या घेऊन जमीन घासत होती. दिवाणखान्याचा अर्धा भाग तिने असा घासला की लाकूड पांढरे पडले. ग्लाफिरा बाई दारात आल्या आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"शिगे, हे काय केलंस? तुझ्या सासूची जमीन!"

"वर गेले की ती झाडू घेऊन उभी असणार," शिगे धापा टाकत म्हणाली. "मार खाईन. तोवर ह्या पोरींचे पाय तरी शाबूत राहतील. आणि बघत काय राहिलीस, रशियन म्हातारे? दुसरा काथ्या घे."

दोघी म्हाताऱ्या दिवसभर घासत राहिल्या. जमीन वाळल्यावर ताया काठी टेकत मधोमध गेली. तिने हातावर थोडे पाणी घेऊन फळीवर टाकले. पाणी आत मुरले.

"झारी कुठं आहे?" तिने विचारले.

ग्लाफिरा बाईंनी कपाट उघडले आणि मला बाहेर काढले. माझ्या अंगावरची धूळ त्यांनी शालीने पुसली आणि मला तायापुढे धरले. तायाने मला घेतले नाही.

"तुम्हीच घाला," ती म्हणाली. "मला वाकता येत नाही. आणि तुमच्याइतकी बारीक धार कुणाला जमते?"

बाईंनी सडा घातला. मी सांगते, त्या दिवशी माझ्यातून पडले ते सगळे काही विहिरीचे पाणी नव्हते.

असा तो वर्ग चालू झाला. पेटी मंडळीबरोबर गेली होती, म्हणून शिगेने आपले तीनतारी वाद्य काढले. तरुणपणी ती ते चांगले वाजवत असे. वॉल्ट्झचा ठेका मात्र तिच्या हाताला बसेना. "तीनच मात्रा? चौथी कुठं गेली? चोरली कुणी?" असे ती रोज विचारायची, आणि हळूहळू तिला तोही आवडू लागला. वाजवता वाजवता ती मधेच शिवी हासडायची. मुलींना वाटायचे, तोही नाचाचाच भाग आहे.

दोन हिवाळे गेले. बर्फ वितळला आणि बुर्स्कींची मंडळी टोकियोहून परत उत्तरेकडे आली. बुर्स्की खानावळीत शिरले ते आधी टोपी काढून तायाजवळ बसले.

"बाकीच्या मुली कुठं आहेत?" ग्लाफिरा बाईंनी विचारले.

"कोबेला दोघी राहिल्या, शाळा काढली. योकोहामाला एक, लग्न केलं. माझी मंडळी म्हणजे फाटकी पिशवी झाली आहे. परवा गावातल्या थिएटरात खेळ आहे, बर्फाच्या पऱ्यांचा नाच, आणि मागच्या ओळीला पऱ्याच नाहीत!"

तेवढ्यात मागून शिगेच्या वाद्याचा आवाज आला. बुर्स्की उठून दिवाणखान्यात गेले. मुली खिडकीच्या लाकडाला धरून रांगेत उभ्या होत्या. ते रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"यांना कुणी शिकवलं?"

"तिनं," ग्लाफिरा बाई म्हणाल्या.

"खुर्चीत बसून?"

"हातांनी," शिगे म्हणाली. "आणि शिव्या माझ्या."

ठरले. मुली मागच्या ओळीत नाचणार. मग बुर्स्की तायाला म्हणाले, "तू आमच्याबरोबर चल. ग्लाफिरा मार्कोव्ना थकल्या. मंडळीला शिक्षिका हवी. पुन्हा टोकियोला जाऊ, पुढं ऑस्ट्रेलियालाही जाऊ. इथं या टोकाला तू काय करणार?"

ताया म्हणाली, "आधी खेळ होऊ दे."

ग्लाफिरा बाईंनी तिला एकटीला गाठले. "जा पोरी. मोठी शहरं, मोठी थिएटरं. तिथं तुझं नाव होईल."

"विंगेत उभी राहून कुणाचं नाव होतं, ग्लाफिरा मार्कोव्ना? मला मधोमध उभं राहायचं होतं. ते टोकियोतही व्हायचं नाही आणि इथंही नाही. मग कुठं राहिले, काय फरक?" ती हे शांतपणे बोलली, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हते.

खेळ दुपारचा होता. सकाळीच ग्लाफिरा बाई मला घेऊन थिएटरात गेल्या. आता त्या कुठल्याही जमिनीवर आधी ओल्या बोटाने एक रेघ ओढत, वाट बघत, तिथल्या माणसाला विचारत आणि मगच मला तिरपे करत. सडा घालून झाल्यावर त्यांनी मला विंगेत ठेवले. म्हणून पुढचे सगळे मी पाहू शकले.

सारे बंदर लोटले होते. कोळी, शेवाळ वाळवणाऱ्या बायका, टेकडीवरच्या चर्चचे पाद्री, आणि वरच्या सज्ज्यात पहिल्या रांगेत शिगे. पडदा वर गेला. आमचे जुने नर्तक पुढे होते आणि मागे पांढऱ्या झग्यांतल्या मुली. त्या पावलांचा आवाज न करता अशा आल्या की सभागृहात कुणी श्वास सोडला तोही ऐकू आला.

"अरे, ती आपल्या गल्लीतली माकुळवाल्याची पोरगी!" कुणीतरी ओरडले.

"गप बस," त्याची बायको म्हणाली. "आत्ता ती परी आहे."

मुलींनी उडी घेतली. सगळ्या एकदम वर गेल्या आणि सगळ्या एकदम, अलगद, गुडघे वाकवून खाली आल्या. धप् असा एकही आवाज नाही. माझ्या शेजारी ताया काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती आणि तिचे हात नकळत वर जात होते, खाली येत होते.

नाच संपला. टाळ्या सुरू झाल्या. पुढचे नर्तक प्रेक्षकांना वाकून बाजूला झाले. आता मुलींची पाळी. मित्रांनो, आमच्या वर्गाची एक रीत आहे. वर्ग संपला की मुली शिक्षिकेला वाकून नमस्कार करतात, आणि शिक्षिकेने परत नमस्कार केल्याशिवाय मान वर करत नाहीत. या मुलींना नमस्काराची तेवढीच एक पद्धत माहीत होती. प्रेक्षकांपुढे वाकायचे असते, हे गडबडीत त्यांना कुणी सांगितलेच नव्हते.

त्या वळल्या. भरल्या सभागृहाकडे पाठ करून, विंगेतल्या तायाकडे तोंड करून साऱ्या मुली खाली वाकल्या.

टाळ्या थांबल्या. पलीकडच्या विंगेतून बुर्स्की हात हलवत कुजबुजत होते, "तिकडं! तिकडं तोंड करा, देवा रे!" मुलींना ते ऐकू आले असेल, पण त्या हलल्या नाहीत. सुमाची मान सगळ्यांत खाली होती. शिक्षिकेने नमस्कार परत केलेला नव्हता ना!

"उठा," माझ्या शेजारी ताया पुटपुटली. "उठा ना गं पोरींनो." कुणी उठले नाही. तिने ग्लाफिरा बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "रीत आहे. जा. नमस्कार परत कर."

तायाने काठी माझ्या शेजारी भिंतीला टेकवली. मग ती लंगडत, एकेक पाऊल टाकत, उजेडात गेली. रंगमंचाच्या मधोमध, त्या मुलींच्या समोर उभी राहिली. पाठ सरळ, मान लांब, हात जसे असावेत तसे. दुखरा गुडघा वाकत नव्हता, म्हणून तिने दुसरा वाकवला. पीटर्सबर्गच्या त्या शाळेत शिकवतात तसा, अगदी तसाच नमस्कार तिने केला.

मुली उठल्या. सभागृह शांतच होते. मग सज्ज्यातून शिगेचा आवाज आला, खलाशांच्या रशियनमध्ये; तिचे वाक्य मी इथे सांगू शकत नाही. त्याचा अर्थ एवढाच होता की, आता तरी टाळ्या वाजवा. आणि सारे थिएटर उभे राहिले. दिवा तायावर होता. ती तिथेच, मधोमध उभी राहून रडत होती आणि मुली तिच्या झग्याला धरून उभ्या होत्या.

बोट सुटली त्या दिवशी धक्क्यावर बुर्स्कींनी तायाला पुन्हा विचारले नाही. ग्लाफिरा बाईच बोचके घेऊन मंडळीबरोबर निघाल्या. "यांना शिकवायला कुणीतरी हवं, आणि मला अजून गावं बघायची आहेत," त्या म्हणाल्या. तायाने त्यांचे दोन्ही हात चुंबले. शिगे म्हणाली, "ए रशियन म्हातारे, परत ये, नाहीतर तुझ्या वाटची माकुळं मी खाईन." आणि तिने इतक्या जोरात नाक शिंकरले की बोटीवरचे लोक वळून बघू लागले.

मला मात्र बाईंनी नेले नाही. मी तायाकडे राहिले. त्यानंतर त्या दिवाणखान्यात कितीतरी मुली शिकल्या. सुमा मोठी झाली आणि तिने तायाची खुर्ची सांभाळली, पण ती उभी राहून शिकवायची. तिच्या शिष्या टोकियोत नाचल्या, काही त्याहून लांब गेल्या. रशियाहून पुढे मोठ्या मंडळ्या जपानला आल्या, तेव्हा त्यांच्या नर्तकांनी या मुलींचा नमस्कार पाहिला आणि विचारले, "हा आमचा नमस्कार तुमच्याकडं कसा आला?" कसा आला, ते आता तुम्हाला ठाऊक आहे.

माझा तळ आता गंजून झिरपतो. वर्गात नवी जमीन घातली आहे, तिला पाणी लागत नाही. मी फडताळावर आहे, रंग उडालेली, आणि माझे काहीही म्हणणे नाही. मला कुणी रंग द्यावा, काचेच्या कपाटात ठेवावे, असेही मी मागत नाही. फक्त एक मागते, मित्रांनो. तुम्ही गाल, नाचाल, शिकाल, खेळाल, आणि कधीतरी लोक तुमच्यासाठी टाळ्या वाजवतील. तेव्हा जरा मागे वळा. बाजूला अंधारात कुणीतरी उभे असेल, त्याला उजेडात बोलवा. लोकांकडे पाठ होईल, म्हणून घाबरू नका. लोक रागावत नाहीत. मी पाहिले आहे.